माफ करणारी बाई

मी चर्चमध्ये खोटं बोलले आहे. चोरून, हळू आवाजात नाही; माइक हातात घेऊन, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, भरल्या मंडळीसमोर. आणि माझ्या त्या खोट्यावर सगळे एका आवाजात 'हालेलुया' म्हणाले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच देवमाणूस समजायला नको.

मी नर्स होते. आता रिटायर झालेय, पण नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमध्ये अजून सगळे मला सिस्टरच म्हणतात. आवाज मोठा, तोंड फटकळ. वॉर्डमध्ये पेशंट माझ्या इंजेक्शनला नाही, माझ्या ओरडण्याला घाबरायचे. घरी ओरडून घ्यायला एकच माणूस होता, आमचे हे. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे दोन-तीन मुलांच्या वाट्याचं ओरडणं त्यांनी एकट्यानेच ऐकलं. ते हसायचे. मी चिडले की मुद्दाम "येस, सिस्टर" म्हणायचे आणि मी आणखी चिडायचे. चर्चमध्ये गीतं तेच उचलायचे. सूर हमखास इतका वर लावायचे की दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी मंडळी गप्प झालेली असायची.

स्कूटर त्यांना आयुष्यात आली नाही. चालवायची मी, मागे बसायचे ते. महिन्यातून एखाद्या शनिवारी सकाळी आम्ही मोरा बंदरावर जायचो, ताजी मासळी घ्यायला. त्याही शनिवारी गेलो. आमच्या निळ्या-पांढऱ्या वायरच्या पिशवीत बोंबील घेतले, थोडी कोळंबी घेतली, आणि हे खुशीत मागे बसून गायला लागले. गव्हाणच्या जवळ आलो तेव्हा मला पोटरीला गार लागलं. पिशवी तिरकी झाली होती आणि मासळीचं पाणी माझ्या धुतलेल्या ड्रेसवर टपटपत होतं. मी मान मागे वळवली, चांगली पूर्ण वळवली, आणि ओरडले, "अहो, पिशवी सरळ धरा की! कितीदा सांगायचं?"

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. समोर खडीचा डंपर वळत होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मी शुद्धीवर आले ती हॉस्पिटलमध्ये. खुबा मोडलेला, मनगट मोडलेलं. हे गेले होते. तेहतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना शेवटचं काय बोलले, तर पिशवी सरळ धरा.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. बिचारा चांगला होता, खुर्ची ओढून हळू आवाजात विचारत होता. "डंपरने वळताना इंडिकेटर दिला होता का?" मी म्हटलं, "नाही." "तुम्ही समोर बघत होतात?" मी म्हटलं, "हो." त्याने लिहून घेतलं, मी डाव्या हाताने सही केली. खरं म्हणजे इंडिकेटर होता की नव्हता, हे मला कसं माहीत असणार? मी मागे बघत होते. पण ते तोंडातून निघेचना. मला त्या माणसाला अडकवायचं होतं असंही नाही. 'मी मागे बघत होते' हे शब्द माझ्याच कानांनी ऐकायची माझी हिंमत नव्हती, एवढंच.

आणखी एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. ह्यांना त्रास झाला का? किती वेळ? डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, त्यांना काही कळलंच नसेल." अहो, हेच वाक्य मी स्वतः किती नातेवाइकांना सांगितलं असेल! पाठीवरून हात फिरवत, पाण्याचा ग्लास पुढे करत. ते कधी खरं असतं आणि कधी सांगण्यापुरतं असतं, हे मला नाही कळणार तर कुणाला? त्यामुळे मला कुणाचंच पटेना. विचारणार तरी कुणाला?

मंडळीने मला त्या दिवसांत जे सांभाळलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाच महिने माझ्या घरी चूल पेटवायची वेळ आली नाही. महिला मंडळाने वार वाटून घेतले होते. कुणी भात-आमटी आणायचं, कुणी मला अंघोळ घालायचं. पाळकसाहेबांच्या बायको, आमच्या पाळकीणबाई, दर बुधवारी येऊन माझ्या डोक्याला तेल लावायच्या आणि तेल लावता लावताच प्रार्थना करायच्या. मी मनात देवाशी कडाकडा भांडत असायची आणि त्यांची बोटं माझ्या केसांतून फिरत असायची. एकदा मी चिडून म्हटलं, "तुमच्या देवाला सांगा, मला काही नको त्याच्याकडून." त्या म्हणाल्या, "सांगते. मान खाली करा, मागे तेल लागायचंय."

वॉकर सुटला आणि मी काठी घेऊन चालायला लागले, तशी माझी उपकारस्तुती ठरली. आमच्यात ती पद्धतच आहे. माणूस आजारातून, संकटातून उठला की मंडळीसमोर उभा राहून देवाचे आभार मानतो आणि साक्ष देतो, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. लहानपणापासून मी इतक्या साक्षी ऐकल्या आहेत की त्यांची चाल मला पाठ आहे. आधी संकट, मग अंधार, मग प्रभूचा हात, मग विजय. विजयाशिवाय साक्ष संपत नाही. पाळकीणबाईंनी माझी साक्ष कागदावर लिहूनच आणली. शेवटी लिहिलं होतं, 'ज्या माणसाने माझा जोडीदार हिरावून नेला, त्याला मी प्रभूच्या नावाने मनापासून क्षमा केली आहे.'

मी कागद वाचला आणि म्हटलं, "छान लिहिलंय."

आमची माणसं ही चूक अगदी प्रेमाने करतात. जखम अजून ओली असते आणि आम्ही वर टाळ्या वाजवून मोकळे होतो. मी एवढी नर्स, आत पू असताना वरून टाके घालायचे नाहीत हे शिकवत आले, आणि स्वतःच माइक घेऊन उभी राहिले. शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज कापला. लोकांना वाटलं, भावनेने कापला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! अपघातानंतर पहिल्यांदाच मला कुणी 'बिचारी' म्हणून बघत नव्हतं.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरला. मग मला दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली. चार-पाच ठिकाणी मी जाऊन तेच बोलले. दर वेळी क्षमा करायची आणि दर वेळी चहा-केक. ज्याला मी गावोगाव क्षमा करत फिरत होते, त्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्याच्याने होईना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्यासाठीचा पाव कापायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. कडा काढायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, ताटात मांडून वर पांढरा रुमाल झाकायचा. ते मी अपघातानंतरही करत राहिले. पण मंडळी पुढे जाऊन गुडघे टेकायला लागली की मी मागच्या खोलीत आधीच्या रांगेचे रिकामे झालेले द्राक्षरसाचे इवले प्याले धूत बसायची. विचारलं तर म्हणायची, "खुब्यात प्लेट आहे, गुडघे कुठे टेकता येतात!" आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही जशी क्षमा करतो, तशी आम्हाला कर' ही ओळ आली की मला नेमका खोकला यायचा. मनात खोटं दडवून तो पाव खायचा नसतो; दोन वर्षं मी स्वतःच्या हाताने कापलेल्या पावाचा एक तुकडा तोंडात घातला नाही. भूक लागायची हो, त्या एवढ्याशा तुकड्याची. रडू यायचं.

गेल्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. महिन्याचा पहिला रविवार. मी मागच्या खोलीत प्याले विसळत होते, तेवढ्यात महिला मंडळातल्या एकीने मोठ्या कौतुकाने एका बाईला आत आणलं. "सिस्टर, ह्या दारात उभ्या होत्या. विचारत होत्या, ती माफ करणारी बाई कुठे बसते!" आणि हसून ती परत उपासनेला गेली.

तिशी-पस्तिशीची बाई. पदर कमरेला खोचलेला, चपला हातात, बोटांच्या भेगांत विटांची लाल माती. मी विचारलं, "कोण तू?"

"डंपरवाल्याची बायको," ती म्हणाली.

मी धुतलेलेच प्याले पुन्हा धुवायला घेतले.

"तुमचा व्हिडू आला व्हता मोबायलवर," ती म्हणाली. "मुकादमानं दाकवला. तुमी माज्या नवऱ्याला माफ केलंय. द्येव तुमचं भलं करो, बाई. येक काम व्हतं. त्याला तुमच्या तोंडून सांगाल का येकदा? तो जामिनावर सुटून आला तवापासून गप हाय. गाडीला हात लावत नाय. भट्टीवर ईटा उचलतो आन् बसून ऱ्हातो. आदी सगळ्यांना सांगायचा, मी शिंगल दिला व्हता. कुनी ऐकलं नाय. सगळे म्हनले, बाईनी सोता लिवून दिलंय, शिंगल नव्हता. येवढी द्येवाची बाई, ती कशाला खोटं बोलंल? आता तो बी म्हनतो, नसंल दिला. त्याचं त्यालाच उमजत नाय."

बाहेर गीत चालू होतं. ह्यांच्यानंतर दुसरंच कुणी सूर धरायचं, चांगला धरायचं, सगळ्यांना झेपेल असा. मी नळ बंद केला. तिला म्हटलं, "येईन." तिने पत्ता सांगितला. कर्नाळ्याच्या बाजूला डोंगराखाली वाडी आहे तिची, जवळच भट्टी. जाताना वाकून माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येईन म्हटलं खरं, पण गेले नाही. एक आठवडा खुबा दुखतो म्हणून, दुसरा पाहुणे येणार म्हणून. पाहुणे कसले नि काय! खरं कारण सांगते. मी तिकडे जाऊन खरं बोलले, तर ते कोर्टात बोलावं लागणार. मंडळीत बोलावं लागणार. ह्यांच्या भावंडांना कळणार की ही मागे वळून ओरडत होती, म्हणून तो गेला. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक उरतंच होतं. एकदा का मी ते बोलले, की ते खरं होणार होतं. आणि बोलले नाही, तर एक माणूस माझ्या शब्दापायी तुरुंगात जाणार होता, आणि मी त्याला क्षमा करत फिरणार होते. भांडी घासता घासता मी देवाला म्हटलं, "तूच सांग त्याला. तुला सगळं माहितीय ना?" देव माझ्याशी कधीच भांडत नाही, हीच तर पंचाईत आहे.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. उपासनेआधी मी पाव कापत होते, पाळकीणबाई प्याले भरत होत्या. आणि मला जमेना. सुरी पावात गेली आणि तिथेच राहिली. मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. मासळीचं पाणी, पिशवी, मागे वळलेली मान, हवालदार, ती बाई. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

मला वाटलं, आता पाळकीणबाई बायबलमधलं एखादं वचन सांगतील. त्यांनी माझ्यासमोरचा पाव ओढून घेतला आणि राहिलेल्या कडा कापायला लागल्या. मग म्हणाल्या, "तो कागद मी लिहिला होता, सिस्टर. मला घाई झाली होती. तुम्हाला बरं झालेलं बघायचं होतं मला." त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि एवढे प्याले धुवायला एवढा वेळ लागत नाही, हे मला केव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही. माझंही चुकलंच."

"मग आज घेऊ का मी प्रभुभोजन? सांगितलं ना आता?" मी लहान पोरीसारखं विचारलं.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "ज्याला सांगायचं त्याला आधी सांगून या. पाव कुठे पळून जात नाही. उपासना झाली की मीच येते तुमच्याबरोबर."

दुपारी आम्ही रिक्षाने भट्टीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. कच्च्या विटांच्या रांगांमधून काठी टेकत टेकत चालले. ती बाई आम्हाला बघून धावत आली, चेहरा फुललेला. "आल्या! म्हनलं नव्हतं मी, येतील म्हनून?" असं ओरडत तिने नवऱ्याला हाक मारली.

माझ्या मनातला डंपरवाला मिशाळ होता, लाल डोळ्यांचा, गुटखा खाणारा. समोर आला तो काडीसारखा माणूस. बायकोपेक्षा थोडाच मोठा. त्याने मला पाहिलं आणि सरळ पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ," मी म्हटलं. "ऊठ म्हणते ना! पायाबिया पडायचं नाही." माझा वॉर्डातला आवाज लागला. तो घाबरून उभा राहिला. मला स्वतःचीच लाज वाटली, पण त्या आवाजातच पुढचं बोलता आलं, नाहीतर आलं नसतं. "मी तुला माफ करायला आलेले नाही. ऐक नीट. तू शिंगल दिला होतास की नव्हतास, मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. मी मागे वळून माझ्या नवऱ्यावर ओरडत होते. पोलिसांना मी खोटं सांगितलं. चर्चमध्येही खोटं बोलले. माझी तारीख लागेल तेव्हा कोर्टात खरं सांगणार आहे. तू मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल."

बोलली त्याची बायको. तिचा चेहरा इतका बदलला की मी एक पाऊल मागे सरकले.

"तीन महिने आत व्हता तो," ती म्हणाली. "पोरं माज्या आईकडं टाकली मी. आन् तुमी टाळ्या घेतल्या? मी तुमच्या पाया पडले!"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पाळकीणबाई पुढे व्हायला लागल्या, मी त्यांचा हात धरला. बोलू दे तिला. ती बरंच बोलली. त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

मग तो म्हणाला, "शिंगल दिला व्हता मी." हळूच म्हणाला. मग बायकोकडे वळून मोठ्याने, "दिला व्हता ग." आणि तिथेच विटांवर मटकन बसला. मान वर न करता म्हणाला, "पन वळताना थांबलो नाय मी. स्कूटर लांब वाटली. थांबाया पायजे व्हतं." मीही काठी टेकून त्याच्या शेजारी विटांवर बसले. खुबा ठणकत होता. आम्ही दोघं तसेच बसलो, उन्हात, रांगेत थांबलेल्या पेशंटसारखे.

मग मी ते विचारलं. "मी शुद्धीवर नव्हते. तू तिथे होतास. ह्यांना त्रास झाला का? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. मी नर्स आहे, मला कळतं."

त्याने विचार केला. "झाला," तो म्हणाला. "थोडा वेळ."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण छातीत काहीतरी मोकळं झालं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगत होतं.

"मी उतरून पळत आलो," तो सांगू लागला. "ते रस्त्याच्या कडंला बसल्यागत पडलेले. पिशवी व्हती हातात, निळी. छातीशी धरलेली. मी म्हनलं, काका, ती सोडा, मी तुमाला उचलतो. तर सोडंनात. मी घ्याया गेलो, तर म्हनले, 'सरळ धर रे. सांडली तर ती ओरडेल.'"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मी मागे वळून ओरडत होते, एवढंच त्याला सांगितलं होतं. कशावरून ओरडत होते, ते सांगितलं नव्हतं.

"आन् हसले जरा," तो म्हणाला. "हसल्यागत केलं. मंग तुमच्याकडं हात केला आन् म्हनले, 'आधी तिला उचल.' मी तुमच्याकडं धावलो. पुन्ना आलो, तवा गेले व्हते. वकील म्हनला, त्यांच्या घरच्यांच्या जवळपास फिरकायचं नाय, म्हनून मी आलो नाय. सांगायचं व्हतं मला. सांगायचंच व्हतं."

मी रडले. आयुष्यात कधी रडले नव्हते अशी, तोंड उघडं टाकून, भट्टीवरची माणसं बघत असताना. आणि रडता रडता म्हणाले, "ओरडलेच असते मी. ओरडलेच असते हो." पाळकीणबाई माझं डोकं पोटाशी धरून उभ्या होत्या. माझ्या जिवाला दोन वर्षं वाटत होतं की माझा शेवटचा शब्द त्यांना लागला, तो घेऊनच ते गेले. त्यांनी तो नेला होता खरा. पण हसत नेला होता, नेहमीसारखा. आणि हे सांगू शकणारा एकच माणूस जगात होता, ज्याला मी न भेटताच माफ करून टाकलं होतं.

ती बाई झोपडीत गेली आणि बाहेर आली. हातात आमची वायरची पिशवी. स्वच्छ धुतलेली. "त्यानं त्या दिशी उचलून आनली व्हती. आमी वापरली नाय," ती म्हणाली. राग तसाच होता आवाजात. "कुनाला द्यावी, कळंना." मी पिशवी घेतली. तिचा बंद एका बाजूने खरचटलेला होता, बाकी धड होती.

कोर्टात माझी तारीख लागली तेव्हा जे होतं ते सांगितलं. उलटतपासणीत मला चांगलंच झापलं, मी ऐकून घेतलं. निकाल अजून लागायचाय. ह्यांच्या धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय. मंडळीतही मी उभी राहून सांगितलं, कागद न घेता. या वेळी कुणी हालेलुया म्हणालं नाही. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मला वाटलं, आता घरी जावं. तेवढ्यात पाळकीणबाईंनी गीत सुरू केलं, आणि घाबरल्यामुळे असेल, इतका उंच सूर लावला की माझ्या तोंडातून हसू फुटलं. मग मी पुढे गेले. खुब्यात प्लेट असली तरी कठड्याला धरून गुडघे टेकता येतात. पाळकसाहेबांनी तुकडा हातावर ठेवला. साधाच पाव, सकाळी मीच कापलेला. मी तो सावकाश खाल्ला.

डंपरवाला आता एका टेम्पोवर जातो. गाडीला हात लावायला लागला. त्याने मला एकदाच सांगितलं, "माज्या मनात काय नाय आता, सिस्टर." त्याच्या बायकोने मला अजून माफ केलेलं नाही. ती तसं तोंडावर सांगते आणि मी नेलेलं तांदूळ-तेल मात्र ठेवून घेते. मी दर महिन्याला जाते. तिने उगाच माफ करून टाकावं, अशी मला मुळीच घाई नाही. तिची जखम अजून भरायचीय, वेळ लागेल.

प्रभुभोजनाचा पाव मी आता वायरच्या पिशवीतून नेते. स्कूटर विकली, रिक्षाने जाते. परवाच्या रविवारी रिक्षावाल्याने कोपऱ्यावर असं काही वळण घेतलं की मी दारावर आदळले. "अरे, हळू! माणसं बसलीत मागे!" मी ओरडले. त्याने आरशातून बघितलं आणि हसून म्हणाला, "येस, सिस्टर." मी पिशवी मांडीवर घेतली आणि चर्च येईपर्यंत दोन्ही हातांनी सरळ धरून बसले.